दुसऱ्याच्या मागावर गेलेला काठ

आमच्या वडगावच्या घरात मोठी खोली एकच होती आणि ती मागाची होती. माणसं उरलेल्या जागेत राहायची. माग आमचा, पण सूत व्यापाऱ्याचं, नक्षी व्यापाऱ्याची आणि साडी उतरली की तीही त्याचीच. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, वाट्याला मजुरी आणि कानात बसलेला आवाज. यंत्रमागापाशी जन्म काढलेल्या माणसाशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोलावं लागतं. आप्पांशी आम्ही अजून तसंच बोलतो. आई दिवसभर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. मी शाळेतून आले की दप्तर खुंटीला लागायच्या आधी कांड्यांची टोपली माझ्या पुढ्यात यायची. लाइट गेली की घर एकदम गप्प व्हायचं, आणि घर गप्प झालं की आईचा चेहरा पडायचा. परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या मुली आवाजाला कंटाळायच्या. मला आवाज बंद झाला की अभ्यास सुचत नसे.

बारावी झाल्यावर भावकीतल्या दोघा-तिघांनी आप्पांना सुचवून बघितलं की पोरीला आता कांड्यांवर कायमची बसवा, नाहीतर स्थळ बघा. आप्पांना ते नीट ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. मला कॉलेजला घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. ज्यांच्या आजोबांनी कॉलेज बघितलंय त्यांनी हवं तर करावा.

आमच्या गल्लीची एक रीत बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरात पाहुणा आला, मग तो सख्खा मेहुणा का असेना, की मागावर विणलेल्या कापडावर पहिल्यांदा चादर पडते, मग पाहुण्याला पाणी मिळतं. त्याला बसायला देतात तेही मागाकडे पाठ करून. यात अपमान नाही. नवीन काठाची नक्षी बाजारात आधी ज्याची येईल त्याचा तो हंगाम, म्हणून ही काळजी. आणि दुसरी रीत अशी की, कुणाच्या मागावर नवी नक्षी दिसलीच, तर ती कुठून आणली हे विचारायचं नाही. विचारलं तरी कुणी सांगत नाही. तेव्हा संशय ही गोष्ट मी कॉम्प्युटरवर शिकले नाही. ती घरून घेऊन गेले होते.

नोकरी लागली ती उद्यमबागमध्ये, एका लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली लोखंड कातलं जायचं आणि वर आम्ही सातआठ जण सॉफ्टवेअर करायचो. आमच्या साहेबांचं स्वतःचं शिक्षण मोठं, पण गिऱ्हाईक सगळं इथलंच धरलेलं. फौंड्रीवाले, सोसायट्या, निपाणीचे तंबाखूवाले. मी पायथन या भाषेत प्रोग्राम लिहिते. माझ्याकडे पहिल्यापासून जे काम आलं ते ऐकायला किरकोळ आहे. वेबसाइटवर तुम्ही ‘डाउनलोड’ असं बटण दाबता, त्यानंतर तुमच्या हातात फाइल पडेपर्यंत जे होतं, ते माझं काम.

लोकांना वाटतं की फाइल कुठंतरी तयार ठेवलेली असते आणि बटण दाबलं की ती उचलून देतात. पुष्कळदा तसं नसतं. तुम्ही मागता तेव्हाच ती बनते. पिठाच्या गिरणीसारखं समजा. तुम्ही डबा ठेवता, गिरणीवाला दळतो, पीठ भरून डबा फळीवर ठेवतो, तुम्ही नेता, फळी मोकळी होते. आमची फळी म्हणजे सर्व्हरवरचा एक तात्पुरता फोल्डर. तिथं फाइल बनते, तुमच्याकडे जाते आणि मग पुसली जाते. नाही पुसली तर फळी भरून जाते आणि एखाद्या दिवशी सगळी गिरणीच बंद पडते. लवकर पुसली तर अर्धी फाइल तुमच्याकडे आणि अर्धी हवेत. आणि ज्याची त्यालाच गेली पाहिजे, हे तर बोलायलाही नको असं सगळे धरून चालतात.

असं धरून न चालणारा एकच माणूस मला भेटला. निपाणीचे एक तंबाखूवाले शेठ. त्यांच्या कुठल्या गोदामात कोणत्या प्रतीचा माल आहे याचा तक्ता आमची साइट त्यांना बनवून द्यायची. धंद्यात ही गोष्ट बायकोलाही सांगत नाहीत, असं ते स्वतः म्हणायचे. एक दिवस धोतराचा सोगा सावरत ते बसने थेट उद्यमबागला आले, वर चढले आणि म्हणाले की माझी फाइल माझ्या डोळ्यांदेखत पुसा. मी त्यांना खुर्ची दिली. तक्ता बनवला, त्यांच्या फोनवर पाठवला आणि स्क्रीनवर फोल्डर उघडून दाखवला.

“बघा शेठ, काही नाही राहिलं.”

त्यांनी स्क्रीन बघितली, मग वाकून टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबाही बघितला. “रिकामी खोली कुणीबी दाखवील, पोरी. माल मागच्या दारानं गेला न्हाय कशावरनं?”

साहेब नंतर हसले, आम्हीही हसलो. शेठ नंतर आणखी दोनदा येऊन गेले आणि दर वेळी येताना आमच्यासाठी चिरमुरे आणायचे. पण संशय काही कमी केला नाही. मी मात्र त्या दिवसापासून रिकाम्या फोल्डरवर विश्वास ठेवणं सोडलं. साहेब म्हणायचे, असं गिऱ्हाईक शंभरात एक. माझं मत वेगळं आहे. बाकीचे नव्याण्णव विचारत नाहीत, एवढंच.

पुढं वडगावात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं. जॅकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावरचं यंत्र, ते कुठला धागा वर घ्यायचा हे ठरवतं. पूर्वी त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लागायची. आता एक छोटा डबा असतो आणि त्याला पेनड्राइव्हमधून किंवा मोबाइलवरून फाइल द्यायची. नक्षी कागदावर काढा, फोटो घ्या, आमच्या साइटवर चढवा, रंग आणि धागे ठरवा, की मागाला कळेल अशी फाइल तुम्हाला डाउनलोड करता येते. हा प्रोग्राम माझ्या आधीच्या एका माणसानं लिहिला होता. तो पुण्याला गेला आणि ते काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक आणायचं कामही माझ्याकडेच आलं, कारण मी वडगावची.

पहिले गेले ते महादेवअण्णांकडे. अण्णांचे स्वतःचे माग, स्वतःच्या नक्ष्या, गल्लीत शब्दाला वजन. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आमची डिझाइन तुमच्याकडं ऱ्हाती का. मी म्हटलं, न्हाय अण्णा, तुम्ही घेतली की पुसली जाते. त्यांनी माझ्याकडे न बघता आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. आप्पांना पायथनमधलं काही कळत नाही, त्यांना माझ्यातलं कळतं. त्या मानेवर महादेवअण्णा आले आणि त्यांच्यामागून गल्ली आली.

लग्नसराईच्या तोंडाला अण्णांनी एक काठ काढला होता. जोंधळ्याचं कणीस आणि त्यावर वाकलेला राघू. राघूची शेपूट पुढच्या कणसाचं पान व्हायची आणि असा तो काठ सगळ्या साडीभर चालायचा. मी तो बघितलेला नव्हता, कारण मलाही दाखवलेला नव्हता. अण्णांची पहिली खेप बाजारात जायच्या आधी ते शहापुरात एका दुकानात सूत बघायला गेले, आणि तिथं फळीवर तोच काठ दुसऱ्याच्या साडीला लागलेला. साडी कुणाची हे दुकानदारानं सांगितलं नाही, आणि अण्णांनी रीत सोडून विचारलंही नाही. घरी आले.

दुसऱ्या दिवशी परशराममामा त्यांच्याकडे जॅकार्डची तार बघायला गेले, तेव्हा चारी मागांवर चादरी होत्या.

परशराममामा म्हणजे आमच्या भागाचे जॉबर, माग दुरुस्त करणारे. सायकलला पान्ह्यांची पिशवी लावून घराघरात जाणारा, चादर न टाकता मागापाशी जाऊ देतात असा एकटाच माणूस. त्यांना सगळ्यांच्या नक्ष्या दिसायच्या. म्हणून संशय त्यांच्यावर जाणं अगदी सोपं होतं. कुणी तोंडावर चोर म्हटलं नाही. आमच्यात तोंडावर काही म्हणत नाहीत. मामा दारात आले की घरचा माणूस बाहेर येऊन म्हणायचा, माग नीट चाललाय मामा, नगं. एका घरी नीट, दुसऱ्या घरी नीट, सगळ्या गल्लीतले माग अचानक नीट चालायला लागले. त्यांचं बायको-लेकरांचं घर या घरोघर फिरण्यावर होतं, आणि जॉबरला घरात घेतलं नाही की त्याला दुसरा धंदा उरत नाही.

खरं सांगायचं तर मलाही पहिला त्यांचाच संशय आला. मग साहेबांचा आला. त्याच महिन्यात बाहेरगावचे एक व्यापारी ऑफिसात येऊन बंद दाराआड बसून गेले होते. साहेब नक्ष्या विकत नसतील कशावरून? मी आठवडाभर साहेबांच्या चहाच्या कपापासून फोनपर्यंत सगळ्यावर डोळा ठेवला. ते व्यापारी फौंड्रीच्या कामासाठी आले होते, हे मला नंतर कळलं. साहेबांना माझा संशय येत होता, हेही नंतरच कळलं. त्यांच्या दृष्टीनं बरोबर होतं. वडगावची पोरगी, घरी माग, हातात सगळ्यांच्या फाइली.

गल्लीचाही हिशेब माझ्यापाशी यायला वेळ लागला नाही. एके दिवशी आप्पा महादेवअण्णांकडे बसायला म्हणून गेले आणि लगेच परत आले. पायऱ्यांवर बसून चपला काढल्या, पुन्हा घातल्या.

“माझ्याकडं बघून चादर वडली त्येनं,” एवढंच म्हणाले.

परशराममामा आमच्याकडे आले ते त्यानंतरच्या रविवारी, दुपारी. पिशवी सायकलला तशीच होती. चहा घेतला नाही. आई बसा म्हणाली तरी उंबऱ्याजवळच टेकले.

“सुजे, तू शिकलीयास म्हणून इचारतो. त्या कॉम्प्युटरमधनं डिझाइन आपोआप भाईर जाऊ शकती का?”

“न्हाय मामा. एकाची फाइल एकालाच जाते.”

त्यांनी मान हलवली. “मग ऱ्हायलो मीच की.”

रडले नाहीत, भांडले नाहीत. सायकल घेऊन गेले. मी उत्तर किती चटकन दिलं ते माझ्या कानात राहिलं. मी तो प्रोग्राम वापरत होते, दुरुस्त करत होते, पण जे मी स्वतः लिहिलं नव्हतं त्यातली प्रत्येक ओळ मी वाचली होती का? नव्हती. चालतंय म्हणून सोडलेल्या ओळी प्रत्येक प्रोग्राममध्ये असतात.

तेवढ्यात लाइट गेली. उन्हाळ्याचे दिवस, रोजचंच होतं. गल्ली गप्प झाली, बायका पायऱ्यांवर आल्या. बऱ्याच वेळानं लाइट आली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माग एकामागून एक सुरू झाले. आमच्या शेजारची आक्का मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. लाइट गेली की स्वस्तातल्या जॅकार्डच्या डब्याला नक्षी आठवत नाही, आणि जुनी फाइल शोधत बसण्यापेक्षा सगळे फोनमधला फोटो चढवून ती साइटवरून परत घेतात. ती म्हणाली, “बघ की गं, लाइट आल्या आल्या फाइल कधीच येत न्हाय. जरा दमानं दाबलं की येती.”

ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली होती आणि नेटवर्क म्हणून सोडून दिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी विचार केला की लाइट आल्या आल्या एकट्या हिच्याच घरी बटण दाबलं जातं का? सगळ्या गल्लीत, सगळ्या वडगावात एकाच वेळी बटणं दाबली जातात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही धंद्यातली माणसं अशी एकदम फाइल मागत नसतील.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी तो जुना भाग पहिल्या ओळीपासून वाचला. तात्पुरत्या फाइलला नाव हवं. ते आधीच्या माणसानं घड्याळावरून दिलं होतं. त्या सेकंदाला किती वाजलेत, ते नाव. त्याला वाटलं असेल, दर सेकंदाला नवं नाव, झालं. आता गिरणीत या. फळीवर तुमच्या डब्यावर चिठ्ठी लावली ती ‘सकाळी आलेला’ एवढीच. त्याच क्षणी दुसऱ्यानं तशीच चिठ्ठी लावून डबा ठेवला, तर गिरणीवाला तुमचं पीठ काढून त्यात त्याचं भरणार आणि तुम्हा दोघांनाही त्याचंच देणार. किंवा त्याचा डबा गेला म्हणून फळी मोकळी करणार आणि तुम्ही हात हलवत उभे. आक्काला फाइल न येणं हे दुसरं. पहिलं कुणाला तरी झालं असणार, आणि ज्याला झालं तो गप्प होता.

मी दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवून दोन नक्ष्या मागितल्या. पुष्कळदा काहीच झालं नाही. काही वेळा फाइल नाही असा संदेश आला. आणि मग एकदा दोन्हीकडे एकच नक्षी आली. मी दुसरं काम बाजूला ठेवून साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर होते. मग म्हणाले, आजच दुरुस्त कर, आणि गिऱ्हाइकांना ‘सुधारणा केली’ एवढंच कळव. मी म्हटलं, एका माणसाला गल्ली चोर समजतेय.

“सुजाता, हे बाहेर कळलं तर वडगावातला एकही माणूस आपल्याकडे राहणार नाही. आणि मग तुझं काम तरी काय राहील? धमकी देत नाही मी. हिशेब सांगतोय.”

दुरुस्ती मी संध्याकाळच्या आत केली. ती लहान होती, हेच वाईट. आता प्रत्येक मागणीला संगणक स्वतः असं नाव देतो जे दुसऱ्या कुणाला मिळूच शकत नाही. लहान फाइल तर फळीवर ठेवतच नाही, हातातल्या हातात बनवून देतो. मोठी असेल तर शेवटचा कण पोचल्यावरच पुसतो. पण प्रोग्राम दुरुस्त झाला म्हणून परशराममामांना कुणी घरात घेणार नव्हतं. जुना प्रोग्राम मी माझ्या लॅपटॉपवर ठेवला.

घरी आप्पांच्या समोर उभी राहून, ओठ दिसतील असं, मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सांगितलंस तर आपल्या घरावर येतंय. न्हाय सांगितलंस तर त्येच्यावर हायच.” आणि जेवायला बसले. त्यांचा सल्ला मला कळला. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की मी गल्लीत सांगणार. ते म्हणाले, तुझ्या जबाबदारीवर. मी हो म्हटलं.

महादेवअण्णांकडे जाऊन मी गल्लीतल्या जॅकार्डवाल्यांना बोलवायला सांगितलं. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही, पण बोलावलं. माग बंद ठेवले होते. पुरुष आत सतरंजीवर, बायका मधल्या दारात. परशराममामांना कुणी बोलावलं नव्हतं. ते कसे कुणास ठाऊक आले होते आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. मी लॅपटॉपवर जुना प्रोग्राम सुरू केला आणि दोन फोन मागितले. फोन कुणी देईना. आमची डिझाइन परत जायची तुझ्या खेळात, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. म्हणून मी सगळ्यांना माहीत असलेले दोन जुने काठ घेतले. रुईफूल आणि करवतकाठ. त्यात चोरण्यासारखं काही नव्हतं. एक फोन अण्णांनी दिला, दुसरा माझा. अण्णांनी करवतकाठ मागायचा, मी रुईफूल, दोघांनी एकदम.

पहिल्यांदा ज्याचं त्याला आलं. दुसऱ्यांदाही. कुणीतरी म्हणालं, मशीन तर खरं बोलतंय. मग अण्णांच्या फोनवर फाइल नाही असं आलं आणि मागे कुजबूज झाली की पोरगी हातानं काहीतरी करतेय. मी लॅपटॉपपासून लांब जाऊन बसले. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. आणि मग अण्णांनी फोन डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, शेजाऱ्याला दाखवला. करवत मागितली होती, रुईफूल आलं होतं.

हशा थांबला. मी सगळं सांगितलं. लाइट आली की काय होतं, चूक आमच्या प्रोग्रामची होती, ती आता दुरुस्त केली आहे, आणि मामांचा यात काही संबंध नाही.

महादेवअण्णा फोनकडेच बघत होते. “ह्ये हू शकतंय म्हणून दाखवलंस. झालं म्हणून कुठं दाखवलंस?”

त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडे अर्धाच पुरावा होता. उरलेला अर्धा ज्याच्याकडे राघू गेला त्याच्याकडे होता, आणि तो माणूस त्या सतरंजीवरच बसलेला असणार. मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो कायमचा गप्प झाला असता.

बोलणं आलं ते मधल्या दारातून. गंगाक्का होत्या, पुढच्या वळणावरच्या विठ्ठलअण्णांची बायको. त्यांच्या घरी फोन त्यांच्याच हातात असायचा, कारण विठ्ठलअण्णांना बारीक अक्षर दिसत नाही.

“माझ्या हातनं आलती ती,” त्या म्हणाल्या. “लाइट आली, मी बटण दाबलं. आमची कमळं मागितलती, राघू आला. ह्ये म्हणाले, आलीय तर आलीय, लावू. कुणाला सांगू नगंस.”

विठ्ठलअण्णा सतरंजीची दशी ओढत बसले होते. महादेवअण्णांनी त्यांना विचारलं, “एकदा इचारायचं न्हवतं व्हय रं, कुणाचीय म्हणून?”

“आपल्यात कोण कुणाला डिझाइनचं इचारतंय, अण्णा?”

तिथल्या प्रत्येकानं तेच केलं असतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. राघूचा काठ हंगामभर दोघांनीही विणला आणि दोघांचाही खपला. ते प्रकरण त्यांनी आपापसात कसं मिटवलं, ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अण्णा उठून बाहेर कट्ट्यावर गेले. माफी वगैरे मागितली नाही. म्हणाले, तिसऱ्या मागाचं जॅकार्ड अडकतंय, उद्या ये. परशराममामा म्हणाले, “बघतो. टाइम गावला तर.” त्यांनी अण्णांना पुढचा आठवडा वाट बघायला लावली. मला ते फार आवडलं.

साहेबांचा हिशेब चुकला असं मी म्हणणार नाही. काही घरं आमच्याकडून गेली ती परत आली नाहीत. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलायचे, असे बरेच दिवस गेले. मग एकदा त्यांनी मला बोलावून सगळ्या साइटींच्या डाउनलोडची जबाबदारी माझ्याकडे दिली. दुसऱ्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ आधी वाचायची, हे माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी सांगते. कुणी विचारलं की असं होऊ शकतं का, तर मी चटकन नाही म्हणत नाही. बघून सांगते म्हणते. गल्लीतला एक गट आजही मानतो की गंगाक्कांना मीच पढवून उभं केलं होतं आणि खरा चोर कोण ते कधीच कळलं नाही. त्यांची समजूत मी काढत नाही. त्यांच्या जागी मी असते तर माझाही हाच संशय असता.

एवढं मात्र झालं. आमच्या सर्व्हरवरून आजवर पुन्हा कुणाचा काठ दुसऱ्याच्या मागावर गेलेला नाही. परशराममामा वडगाव आणि शहापूरच्या सगळ्या घरांत पूर्वीसारखे जातात, आणि त्यांचा मुलगाही आता त्यांच्याबरोबर जातो.